देवघरातला बिल्ला

जुने फौजी बिल्ले जमवण्याचा नाद मला कॉलेजात असताना लागला आणि नोकरी, लग्न, मुलं असं सगळं होऊनही सुटला नाही. टोपीवरचे, खांद्यावरचे, पट्ट्याच्या बक्कलवरचे. माझ्या मुलुंडच्या घरात दोन कपाटं त्यांनी भरली आहेत, आणि त्यावरून बायकोने मला पस्तीस वर्षं ऐकवलंय. या नादातली खरी नशा वस्तू मिळवण्यात नसते, ती ओळखण्यात असते. कुणीतरी तळहातावर एक काळपट पितळी तुकडा ठेवतं, तो कसला आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि आपण भिंग लावून दोन मिनिटांत सांगतो की हा अमुक पलटणीचा, अमुक सालाच्या आधीचा. समोरच्याचे डोळे मोठे होतात. ते मोठे झालेले डोळे बघायला मी काहीही केलं असतं. मी स्वतःला फार हुशार समजायचो, आणि वाईट म्हणजे बहुतेक वेळा माझं बरोबर यायचं.

सात वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी हॉलमध्ये माझ्या बिल्ल्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. लोक आरतीला येत, जाता जाता काचेवर नाक टेकवून बघत आणि प्रसाद घेऊन निघून जात. एक गृहस्थ मात्र तासभर थांबले. सत्तरी उलटलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा, हातात कापडी पिशवी. प्रत्येक बिल्ल्याखालची चिठ्ठी ते ओठ हलवत वाचत होते. शेवटी माझ्याजवळ आले.

“आमच्याकडे एक आहे,” ते म्हणाले. “बघाल काय?”

“आणा की. उद्या आणा.”

“आणता नाही येणार. देवघरात असतो. तुम्हालाच भांडुपला यावं लागेल.”

देवघरात फौजेचा बिल्ला! मी दुसऱ्याच रविवारी गेलो.

काका पूर्वी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूळचे कोकणातले. घर दोन खोल्यांचं, पण लादी अशी पुसलेली की चपला बाहेर काढूनही पाय ठेवायला संकोच वाटावा. त्यांनी माझ्यासाठी अंघोळ करून तयारी केली होती, म्हणजे माझ्यासाठी नव्हे, त्या बिल्ल्याला हात लावायचा म्हणून. देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, दोन टाक. टाक म्हणजे कुलदेवाची किंवा घरातल्या गेलेल्या माणसाची आकृती उठवलेला लहानसा पत्रा. बऱ्याच घरांत तो देवांबरोबर पुजतात. त्या टाकांच्या शेजारी तो बिल्ला उभा होता. काकांनी दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यासमोर पाटावर ठेवला.

“माझे आजोबा,” ते म्हणाले. वस्तूची नव्हे, माणसाची ओळख करून द्यावी तसं. “पहिल्या लढाईत, चौदा सालच्या, इराकात बसऱ्याला गेले. परत आले नाहीत. त्यांच्याबरोबरचा एकजण वळकटी घेऊन घरी आला, त्यात हा होता. आजीने देवात ठेवला. माझे वडील तेव्हा तीन वर्षांचे. सरकारचा कागद म्हणाल तर एकही नाही. कुठली पलटण, कुठे पडले, काही ठाऊक नाही. एवढं सांगा की हा कुठल्या पलटणीचा.”

मी तो डाव्या हाताने उचलला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा आक्रसला, ते मी पाहिलं आणि तरी हात बदलला नाही. मला घाई होती. त्याच दिवशी दुपारी घाटकोपरला एक संग्राहक मला कुठल्याशा तलवारीची मूठ दाखवणार होता.

बिल्ला हाताच्या अंगठ्याएवढा. दर्शनी बाजू गुळगुळीत, साबणाची वडी वापरून वापरून होते तशी. मधे एक वाकडी आकृती, बिगूल असावा. खाली पट्टीवर अक्षरं होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. कडेच्या खाचांत हळदीकुंकू बसलेलं. ते मी नखाने खरवडलं. मग उलटा केला. मागे सपाट तांब्याचा पत्रा, डाग देऊन म्हणजे झाळून बसवलेला. टोपीत अडकवायच्या दोन कड्या असतात, त्या नाहीत. पत्रा हा नकलेतलाच ओबडधोबड कारभार, असं मी धरून चाललो.

माझा निकाल तिथेच लागला. खरा बिल्ला पोलादी ठशाने दाबून काढतात. पुढे जे उठलेलं असतं तेच मागे खोल गेलेलं दिसतं, आणि नक्षी कशी धारदार असते. नकली बिल्ला साच्यात ओततात. तो मागून सपाट असतो, पुढून बोथट. हे मी शेकडो वेळा लोकांना शिकवलं आहे. इथे पुढून बोथट, मागून सपाट, आणि वर बिगूल.

“काका,” मी म्हणालो, “हा फौजेचा नाही. लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश असतात ना, त्यांच्या टोपीवरचा आहे. ते लोक फौजेची नक्कल करून असे बिल्ले ओतून घ्यायचे. चोरबाजारात ढिगाने पडलेले असतात.”

हे बोलताना मी हसलो होतो. ते हसू आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

काकांनी विचारलं, “नक्की?”

‘नक्की नाही सांगता येत, जरा ठेवतो, अभ्यास करतो’ असं म्हणायला माझं काय जात होतं? पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मला त्या काळात उच्चारताच यायचे नाहीत. मी म्हणालो, “शंभर टक्के.”

त्यांनी बिल्ला उचलला, पण परत देवघरात ठेवला नाही. हातात घेऊन बसून राहिले. मी चहा घेतला, वर आणखी दोन गोष्टी शिकवल्या आणि निघालो. काकू जिन्यापर्यंत आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “तुमका ठावक नाय म्हणान सांगतंय. गावात ह्येंचो चुलतभाव आसा, आज्याच्या भावाचो नातू. त्यांच्या घरातले पयल्यापासून बोलतत, ह्येंचो आजो लढाईत गेलोच नाय. मुंबैक बँडात वाजवी होतो, दुसरी बाईल केल्यान आणि थयच रवलो. ह्ये त्याच्यावरनाच चाळीस वर्सां त्या घराशी बोलनत नाय. आणि तुम्ही आज बँड बोललात.”

मी जिन्यात दोन पायऱ्या उतरून उभा होतो. वर जाऊन ‘काका, जरा पुन्हा बघू द्या’ म्हणायची ती वेळ होती. पण मी काय म्हणालो? “काकू, माझा नाइलाज आहे. वस्तू खोटं बोलत नाही.” असलं वाक्य सुचल्याचा मला तिथेही थोडा अभिमान वाटला. आणि मी तलवारीची मूठ बघायला घाटकोपरला गेलो. ती मूठ मात्र खरोखरच नकली निघाली.

महिनाभराने काका माझ्या घरी आले. बसले नाहीत. रुमालातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“हा तुमच्याकडे ठेवा. भंगारात घालवत नाही, आणि देवात ठेवायचा तर कुणाचा म्हणून ठेवू?”

मी ठेवून घेतला. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यावर स्केचपेनने ‘खोटे’ लिहिलंय. मुद्दाम जमवलेल्या नकला त्यात असतात, नवशिक्यांना दाखवायला. त्यात तो गेला. नुसता गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या काही वर्षांत मी दोनचार शाळांत, पार्ल्याच्या एका वाचकमंडळात बिल्ल्यांवर बोललो, आणि प्रत्येक ठिकाणी तो खिशातून काढून दाखवला. “आता हा बघा. हा बँडवाल्याचा बिल्ला एका घरात शंभर वर्षं हळदकुंकू खात होता.” लोक हमखास हसायचे. मी थोडा थांबून त्यांना पुरतं हसू द्यायचो.

गेल्या वर्षी बायकोच्या माहेरून तिच्या वाट्याचा एक टाक आमच्याकडे आला. प्रवासात तो चेपला होता. घाटकोपरला तिच्या ओळखीचे एक म्हातारे सोनार आहेत, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. मला असल्या कामांचा कंटाळा, मी मोबाइल बघत बसलो होतो. सोनारांनी टाक उलटा केला, कडेचा डाग सोडवला आणि मागचा तांब्याचा पत्रा उचलला. आतून काळ्या खड्यासारखं काहीतरी काउंटरवर पडलं.

“हे काय?” मी विचारलं.

“लाख. आत लाख भरतात ना.”

“कशाला?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अहो, पत्रा पातळ असतो. रोज अंघोळ घालायची, सणाला चिंच लावून, राख लावून घासायचा. आत पोकळ ठेवला तर महिन्यात चेपेल. म्हणून लाख भरायची, मागून तांबं लावून बंद करायचं, म्हणजे उभाही राहतो. तरी पुढून झिजतोच. जुन्या टाकांवर डोळेनाकसुद्धा राहत नाहीत.”

मी मोबाइल खिशात ठेवला. बायको म्हणाली, “काय रे, बरं नाही वाटत का? पाणी मागू?” मला घाम फुटला होता. पुढून झिजलेला, मागून तांबं लावून बंद केलेला, देवात टाकाशेजारी उभा असलेला. चाळीस वर्षं बिल्ले हाताळणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण मी तो बिल्ला बिल्ला म्हणूनच बघितला. ज्या घरात तो शंभर वर्षं राहिला, त्या घराने त्याचं काय केलं असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. त्या आजीला नवऱ्याचं प्रेत मिळालं नाही, विसर्जनाला अस्थी मिळाल्या नाहीत. हाताला लागला तो पितळेचा तुकडा. तिने गावच्या सोनाराकडे नेऊन त्याचा टाक करून घेतला, आणि तिच्या घराने तो घासून घासून पुजला. मी त्याला ओतीव काम म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी मी तो डब्यातला बिल्ला घेऊन सोनारांसमोर हजर होतो. त्यांनी हातात घेतला, कडेवर नख फिरवलं. “जुनं काम आहे. आपल्याकडचंच,” म्हणाले. बारीक ज्योतीवर धरला, पत्रा सैल केला. लाख निघायला वेळ लागला. ते टोकदार काडीने ती खरवडून काढत होते आणि मी मनातल्या मनात चक्क प्रार्थना करत होतो की मागे सपाट निघू दे. नकली निघू दे. मी बरोबर असू दे. हेही लिहून टाकतो, कारण ते खरं आहे.

मागे सपाट नव्हतं. पुढे जे झिजून गेलं होतं ते सगळं मागे होतं. बिगूल, त्याला गुंडाळलेली दोरी, दोरीचे गोंडे, भोवतीची पानं, पानांच्या शिरासुद्धा. खोल, धारदार, लाखेखाली झाकलेलं, म्हणून कालच ठसा मारल्यासारखं ताजं. दोन्ही कडांना छाटलेल्या कड्यांचे खुंट. खाली पट्टीवर उलटे आकडे आणि अक्षरं. कानातली घालून बघायला दुकानात आरसा असतो, तो सोनारांनी माझ्यापुढे सरकवला. आरशात आकडे सरळ झाले. पुस्तक उघडायचीही गरज नव्हती. पलटणीचं नाव, ती पलटण त्या लढाईत कुठे होती, हे मला पाठ होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते त्या घरचं आहे.

आयुष्यात मी जे शेकडो बिल्ले ओळखले त्यातला हा सर्वांत पक्का ओळखलेला. आणि मला तिथे काउंटरवर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

भांडुपला जायला मला तरीही बारा दिवस लागले. रोज कारण निघत होतं. शेवटी बायकोनेच सुनावलं, “तू जातोस की मी जाऊ?” मग गेलो.

काका वाळले होते, पण शर्ट तसाच इस्त्रीचा. मला बघून त्यांना बरं वाटलं, हेच मला सहन होईना. मी पाटही मागितला नाही, जमिनीवर बसलो, बिल्ला आणि सुटा केलेला पत्रा त्यांच्यापुढे ठेवला, आणि आधी म्हणालो, “काका, माझी चूक झाली.” मग सगळं सांगितलं. लाख, तांबं, झीज, आकडे. पलटणीचं नाव सांगितलं, ते मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही नेलं होतं. बिगूल हे त्या काळात चपळ पायदळाचं चिन्ह असायचं, हेही सांगितलं. शाळाशाळांत मी त्याची टर उडवली, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं काकू नंतर म्हणाल्या. मला होती.

काकांनी बिल्ला उलटा धरला आणि तर्जनीचं टोक त्या खोलगट बिगुलातून हळूहळू फिरवलं. मग विचारलं, “हे तेव्हा उघडता आलं असतं?”

“हो.”

“किती वेळ लागला असता?”

“अर्धा तास,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. चिडले असते तर माझं काम सोपं झालं असतं.

काकू म्हणाल्या, “त्या वर्सापासून चवदसचा पानसुद्धा नाय वाढला ह्येनी.” पितृपक्षातली चतुर्दशी हत्याराने मेलेल्यांची असते. त्या घरात शंभर वर्षं त्या दिवशी एक पान वाढलं जात होतं.

“पान वाढू आता,” काका काकूंना म्हणाले. “त्याचं काही नाही. आजोबा जेवतील.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही बिल्ल्याचं सांगितलंत, आणि पुढच्या शिमग्याला मी गावी गेलो. चुलतभावाच्या घरी. चाळीस वर्षांनी त्याचा उंबरा चढलो. तिथे चारपाच लोक बसलेले. त्यांच्यासमोर सांगितलं, की तुम्ही म्हणत होतात ते खरं. माझा आजा बँडात होता. मी उगाच तुमच्याशी वैर धरलं, मला माफ करा. त्याच्या पाया पडलो.”

काकांनी बिल्ला पुन्हा सुलटा केला.

“खोट्यावर भांडलो असेन, तर मरायच्या आधी मिटवायला नको? म्हणून गेलो. त्यालाही बरं वाटलं. रडला माझ्या गळ्यात पडून. दोन वर्षांमागे तो गेला.”

मी घाईघाईने म्हणालो की मी गावी येतो. तुमच्याबरोबर येतो, कागदपत्र घेऊन येतो, देवळात लोकांना बोलावून माझ्या तोंडाने सांगतो की चूक माझी होती. मी खरंच गेलो असतो. आजही जाईन.

“तुम्ही सांगाल हो,” काका म्हणाले. त्यांनी बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि मुठीत धरला. “पण माझ्या आजाला बँडवाला तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही एका बिल्ल्याला म्हणालात. आजाला मी म्हणालो, त्याच्या घरातला एकटा उरलेला माणूस. आजी रोज घासत होती, वडील घासत होते, आणि मी चारचौघांत उभा राहून तसं म्हणालो. ते तुम्ही कसं परत घेणार?”